आधी दहावीचं ठरवा, मग टेम्पोचं

पाचोऱ्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचे यजमान गेली अकरा वर्षं जळगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत, रोज रेल्वेनं अपडाऊन करतात. हातात ३८ हजार पडतात. ताई बालवाडीत शिकवतात, त्यांचे ९ हजार. घर स्वतःचं, शेत तीन एकर, निम्मे बटाईनं दिलेलं. आता यजमानांना बेंगळुरूला पीन्या औद्योगिक भागात नोकरी मिळाली आहे. हातात ६२ हजार, सहा महिन्यांचं प्रोबेशन, ते पार पडलं की ७० हजार. मेच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचं आहे. मुलगी सहावीत जाणार, मुलगा पहिलीत. सासूबाई ६८ वर्षांच्या, गाव सोडायला तयार नाहीत. बँकेत १ लाख ८० हजार आहेत. पॅकर्स-मूव्हर्सवाल्यांचे दोन भाव आले, एकाचा २१ हजार, दुसऱ्याचा ४६ हजार. यजमानांचे तिथले सहकारी सांगतात की दोन बेडरूमचं घर १८ हजारांना मिळेल, डिपॉझिट सहा महिन्यांचं. दोन्ही मुलांची शाळा मिळून वर्षाला ९६ हजार. ताई विचारतात, "एवढा पगार वाढतोय, तरी मला झोप का लागत नाही? सगळं सामान न्यायचं का? डिपॉझिटसाठी सोनं गहाण ठेवू का? आणि आईंचं काय करू?"

ताई, झोप लागत नाही, कारण तुमच्या मनानं हिशेब आधीच केलेला आहे, फक्त तो कागदावर उतरलेला नाही. पत्रासोबत महिन्याचा खर्च लिहून पाठवलात हे फार चांगलं केलंत. त्यावरूनच बोलू.

आज तुमच्या घरात ४७ हजार येतात, ३५ हजार खर्च होतात, १२ हजार शिल्लक राहतात. ६२ आकडा मोठा दिसतो, पण तुमच्या ४७ हजारांमागे बरंच काही उभं आहे, त्याचं बिल कधी येत नाही म्हणून ते कुठे लिहिलं जात नाही. घराला भाडं नाही. बटाईचा गहू, दादर (ज्वारी) आणि तूर घरात येते. मेथी, वांगी, मिरची शेजारून किंवा शेतातून येते. दुपारी मुलगा बालवाडीतून आला की आजी घरात असते. यजमानांचा रेल्वेचा पास महिन्याला काही शेकड्यांत भागतो. पाचोऱ्यात राहताना या गोष्टी फुकट आहेत. बेंगळुरूला त्यातल्या प्रत्येकीला रोख पैसे मोजावे लागतील. म्हणून पगाराची तुलना करण्याआधी या फुकटच्या गोष्टींची किंमत लिहायची.

मी तुमच्या आकड्यांवरून लिहून पाहिली. धान्याचे भाव अंदाजाने धरले आहेत, तुम्ही पाचोऱ्याच्या बाजारातले घाला. घरभाडं आणि मेंटेनन्स मिळून १९,५००. शाळेची फी आज दोघांची मिळून महिन्याला २ हजार पडते, तिथे ८ हजार पडेल, म्हणजे ६ हजार जास्त. धान्य, डाळ, भाजी, दूध यांचे ४,५०० जास्त. शहरातल्या जाण्यायेण्याचे २ हजार जास्त. वर्षातून दोनदा चौघांनी गावी यायचं, ते महिन्यावर वाटलं तर १,५००. आणि एका घराच्या दोन चुली झाल्या की लाईट बिल, किराणा, मोबाईल, औषधं हे दोन ठिकाणी, त्याचे किमान ३ हजार. बेरीज ३६,५००. हा आजच्या ३५ हजारांवरचा वाढीव खर्च आहे. म्हणजे आज राहता तसंच राहायचं म्हटलं तर तिथे ७१,५०० लागतील, आणि येणार आहेत ६२ हजार. बालवाडीचे ९ हजार बंद होतील हे यात आलंच. आज महिन्याला १२ हजार मागे पडतात, तिथे साडेनऊ हजारांची तूट येईल.

हे वाचून लगेच "मग जाऊच नये" असं ठरवू नका. माझं म्हणणं तसं नाही. यजमानांनी अकरा वर्षांनी ही उडी मारायचं धाडस केलं आहे, आणि पीन्यासारख्या मोठ्या औद्योगिक भागात मेंटेनन्सच्या माणसाला पुढे वाव आहे. पण कसं जायचं आणि कोणी कधी जायचं, हे एका प्रश्नावर ठरतं. तो प्रश्न तुमच्या पत्रात कुठेच नाही. तुमची मुलगी दहावी-बारावी कुठे करणार?

हा प्रश्न आत्ता का, तर प्रवेशांचे नियम. महाराष्ट्रात वैद्यकीयच्या राज्य कोट्यातून प्रवेश घ्यायचा तर सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. अपवाद आहेत, पण ते मुख्यतः सरकारी नोकरीत बदली होणाऱ्यांसाठी. तिकडे कर्नाटकात सरकारी कोट्यातल्या जागांसाठी जो सर्वसाधारण मार्ग आहे, त्यात पहिली ते बारावीच्या काळात किमान सात वर्षं कर्नाटकातल्या शाळेत शिकलेलं असावं लागतं, आणि दहावी किंवा बारावी तिथून उत्तीर्ण. आता बोटांवर मोजा. सहावी, सातवी, आठवी, नववी, दहावी, अकरावी, बारावी. बरोबर सात. या जूनमध्ये मुलगी तिथे सहावीत बसली तर तिची सात वर्षं भरतात. एक वर्ष थांबून सातवीत बसली तर सहाच होतात, आणि ती ना इकडची राहते ना तिकडची. नियम दर काही वर्षांनी बदलतात, त्यामुळे त्या त्या वर्षीची प्रवेशाची माहितीपुस्तिका पाहावी लागेलच, पण आज निर्णय घेताना आजचा नियमच धरायचा. मुलाची काळजी नाही, तो पहिलीतच आहे.

म्हणून तुम्ही दोघांनी एका संध्याकाळी मुलं झोपल्यावर बसायचं आणि एवढंच ठरवायचं. बेंगळुरूत दहा-बारा वर्षं राहायचं आहे, की तीन-चार वर्षं अनुभव घेऊन पुणे-नाशिककडे किंवा जळगावला परतायचं आहे?

परतायचं असेल तर घाई नको. यजमानांनी एकट्यानं जावं, तुम्ही पत्रात लिहिलेल्या ९ हजारांच्या पीजीत राहावं, प्रोबेशन पार पडू द्यावं, पगार ७० झाला की पुढच्या उन्हाळ्यात चौघांनी जायचं. तुमची बालवाडी चालू राहील, मुलांची शाळा चालू राहील, आणि मुलगी नववीच्या आत परत महाराष्ट्रात येईल. वर्षभर नवरा-बायकोनं वेगळं राहणं सोपं नाही, मला कल्पना आहे. पण पैशाच्या बाजूनं हा मार्ग सर्वांत मोकळा आहे.

तिथेच राहायचं असेल तर याच जूनला जा, पण दोन बेडरूमचं घर आणि ९६ हजारांची शाळा, हे दोन्ही सोडा. तुम्ही चौघं आहात, सासूबाई निदान दिवाळीपर्यंत येणार नाहीत. एका बेडरूमचं घर मेंटेनन्ससकट साडेबारा हजारांत बसवा, ७ हजार वाचले. शाळा महिन्याला तीन हजारांनी स्वस्त बघा. तूट भरून निघते, शिल्लक मात्र पडत नाही. सहा महिने शिल्लक न पाडता जगायचं, ७० झाले की महिन्याला साडेआठ हजार मागे पडू लागतील. सहा महिन्यांनी मोठं घर बघता येतं. मोठ्या घरातून लहान घरात जाणं फार जड जातं, माणसं ते टाळत टाळत कर्जात जातात.

घर पीन्याच्या अगदी दारात हवं असं नाही. मेट्रोची हिरवी लाईन नागसंद्र, दासरहळ्ळी, जालहळ्ळी, पीन्या, यशवंतपूर अशी जाते, त्या पट्ट्यात स्टेशनपासून चालत जाता येईल असं घर बघितलं तर दुचाकीचा प्रश्नच मिटतो. पण फोटो पाहून, फोनवर ठरवून, टोकन पाठवून घर घेऊ नका. यजमान मेमध्ये एकटे जाणारच आहेत. पीजीचे ९ हजार गेले तरी चालतील, त्या महिन्यात त्यांनी दर रविवारी दोन-तीन घरं स्वतः पाहावीत. घरमालकाला पहिला प्रश्न भाड्याचा नाही, पाण्याचा विचारायचा. कावेरीचं पाणी येतं का, बोअर आहे का, टँकर लागतो का आणि टँकरचे पैसे कोण देतो? २०२४ च्या मार्चमध्ये त्या शहरात पाण्याची केवढी टंचाई झाली ते आपण बातम्यांत पाहिलं. पाण्याचे दिवस मोजत जगणं खान्देशातल्या बाईला शिकवायला नको, पण टँकरचं बिल मेंटेनन्सवर वेगळं बसलं तर आपला साडेबारा हजारांचा हिशेब कोलमडेल.

करारात तीन गोष्टी वाचून घ्या. एक, लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याची मुदत, किती महिन्यांची आहे. यजमान प्रोबेशनवर आहेत, तेव्हा सहा महिन्यांच्या आत घर सोडावं लागलं तर एक महिन्याच्या नोटिशीवर सोडता येईल, असं लिहून घ्या. दुसरी, घर सोडताना रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापतात, तिथे एक महिन्याचं भाडं कापायची पद्धत सर्रास आहे. ते टळत नसेल तर निदान आकडा आधी लिहिलेला असावा. तिसरी, दरवर्षीची वाढ किती टक्के. आणि राहायला जायच्या आदल्या दिवशी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. भिंती, नळ, बाथरूमच्या फरश्या, दाराची कडी, सगळं. तो व्हिडिओ त्याच दिवशी मालकाला पाठवून द्या.

आता डिपॉझिट आणि सोनं. एका बेडरूमच्या घराला साडेअकरा हजार भाडं धरलं तर सहा महिन्यांचे ६९ हजार. एकरकमी खर्चाचा कागद असा होतो: डिपॉझिट ६९ हजार, एजंटाला एक महिन्याचं भाडं साडेअकरा, पहिल्या महिन्याचे साडेबारा, सामान नेण्याचे २० हजारांपर्यंत, तिकिटं आणि वाटखर्च ६ हजार, फ्रिज, पलंग, गॅसचं डिपॉझिट, पडदे असं किडूकमिडूक ३० हजार, शाळेचा पहिला हप्ता आणि गणवेश ३० हजार, पीजीचे ९ हजार. १ लाख ८८ हजार झाले. शिवाय मेचा पगार हातात येईपर्यंत पाचोऱ्याचं घर चालवायचं आहे, त्याला ३० हजार बाजूला हवेत. म्हणजे लागणार २ लाख १८ हजार, आहेत १ लाख ८०.

स्कूटीबद्दल तुम्ही लिहिलंत की ९ वर्षं जुनी आहे आणि कोणीतरी २५ हजार देतो म्हणतो. देऊन टाका. एमएच-१९ ची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर जळगाव आरटीओची एनओसी आणायची, तिथे पुन्हा नोंदणी करायची, कर्नाटकाचा रोड टॅक्स भरायचा आणि इथला उरलेला टॅक्स परत मागत बसायचं. नव्या गाडीसाठी ही खटपट करावी, नऊ वर्षांच्या स्कूटीसाठी नाही. २५ हजार आले तरी १३ हजार कमी पडतातच.

ते सोन्यातून काढू नका, कंपनीतून काढा. हजर होण्याआधी, म्हणजे आत्ता, यजमानांनी एचआरला एक साधा मेल लिहावा. कुटुंब अकराशे किलोमीटरवरून हलवायचं आहे, सामान आणि प्रवासाचा खर्च कंपनी देईल का, किंवा पहिल्या पगारातून वळता करून घेण्याच्या बोलीवर २५ हजार आगाऊ मिळतील का? आपल्याकडे माणसं हे विचारायला लाजतात. तिकडच्या एचआरला रोज असे मेल येतात. नाही म्हणाले तर काही बिघडत नाही, पण एकदा हजर झाल्यावर विचारलं तर मिळण्याची शक्यता फारच कमी होते. दुसरीकडे घरमालकाशी डिपॉझिटवर बोला. सहा महिन्यांऐवजी चार महिन्यांचं घेतलं तर २३ हजार मोकळे होतात. तो म्हणाला की मग भाडं दोनशे रुपयांनी वाढवतो, तर आनंदानं हो म्हणा. डिपॉझिटला व्याज मिळत नाही. तेवढेच २३ हजार सोनं ठेवून वर्षाला दहा-बारा टक्क्यांनी काढले, तर महिन्याला दोनशे-सव्वादोनशे व्याजच जातं, वर दागिना बँकेत अडकतो. सोनं आपल्याकडे आजारपणाला आणि वाईट वेळेला ठेवलेलं असतं. नव्या शहरात पहिलं वर्ष तेच तुमचं पाठबळ आहे.

सामानाचं उत्तर सासूबाईंमुळे सोपं झालं आहे. त्या पाचोऱ्याच्या घरातच राहणार आहेत, तर घर उचलायचंच नाही. फ्रिज त्यांना लागेल. लोखंडी कपाट, दिवाण, झोका जागच्या जागी राहू दे. कूलर तर अजिबात नेऊ नका. भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस अंशांत त्याच्याशिवाय जगता येत नाही, पण बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे, तिथे पंख्यावर भागतं. वॉशिंग मशीन, शिलाई मशीन, गाद्या, भांडी, मुलांची पुस्तकं आणि कपडे एवढं न्या. मग तुमच्या हातातले दोन्ही भाव रद्द होतात, कारण ते पूर्ण घराचे होते. नव्यानं भाव मागवा आणि "पार्ट लोड" म्हणून मागवा, म्हणजे एकाच ट्रकमध्ये दोन-तीन घरांचं सामान. पोचायला चार-सहा दिवस जास्त लागतील, पण पैसे बरेच कमी. जळगावच्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडे कर्नाटकाकडे रिकामी परतणारी गाडी असेल तर तीही विचारा. मात्र तारीख पक्की हवी असेल तर रिटर्न गाडीच्या भरवशावर राहू नका.

आलेल्या दोन भावांत जो २१ हजारांचा आहे, तो मला खटकतो. तुम्ही लिहिलंत की तो माणूस घर बघायला आला नाही, फोनवरच आकडा सांगितला आणि अर्धे पैसे लगेच मागतोय. घर न बघता सांगितलेला भाव वाटेत वाढतो. सामान गाडीत चढलं की गाडी कुठेतरी उभी राहते आणि फोन येतो, "मॅडम, वजन जास्त झालंय, जकात लागलीय, ई-वे बिल लागलंय, पंधरा हजार टाका, नाहीतर माल गोडाऊनला उतरवतो." जकात, एलबीटी (स्थानिक संस्था कर) यांचा आता घरच्या सामानाशी संबंध उरलेला नाही, आणि वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, हे तुम्हाला माहीत असलं की निम्मी भीती जाते. नामांकित कंपनीच्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊन फसवणारेही आहेत. जीएसटी क्रमांक मागा, तो जीएसटीच्या सरकारी साइटवर टाकून पाहा, नाव आणि पत्ता जुळतो का बघा. भावात काय काय धरलं आहे ते लिहून घ्या: पॅकिंग, इकडची हमाली, तिकडची हमाली, कितवा मजला, लिफ्ट आहे की नाही, टोल, विमा, जीएसटी. थोडी रक्कम बुकिंगला, काही भाग गाडी भरल्यावर, उरलेली खोकी मोजून घरात आल्यावर.

पॅकिंगच्या दिवशी एक वही घ्या. प्रत्येक खोक्यावर मार्करनं मोठा आकडा टाका, वहीत त्या आकड्यासमोर आत काय आहे ते लिहा, खोकं बंद करण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. वॉशिंग मशीनचा सिरियल नंबर लिहा, आधीचे ओरखडे असतील तर त्यांचाही फोटो. ड्रायव्हर किंवा सुपरवायझरकडून त्या यादीवर सही घ्या, आणि बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याची मालाची पावती, हातात आल्याशिवाय गाडी सोडू नका. बिल्टीवर गाडीचा नंबर आणि पोचवायचा पत्ता बरोबर आहे का पाहा. काही फुटलं-हरवलं तर ही वही आणि ही बिल्टीच तुमचा पुरावा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा नंबर आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही जिथे राहता तिथल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, ट्रान्सपोर्टवाल्याच्या गावी जावं लागत नाही. ऑनलाइन पैसे भरताना फसवणूक झाली तर लगेच १९३०. दागिने, सातबारा, दाखले, मुलांचे जन्मदाखले, बँकेचे कागद ट्रकमध्ये घालायचे नाहीत, ते तुमच्या हातातल्या पिशवीत.

धान्याचं विचारलंत, ते नक्की न्या. घरसामानाच्या गाडीत जागा आधी भरते, वजन नाही, त्यामुळे दोन-तीन क्विंटल खाली बसलं तर फारसं जड जात नाही, पण भाव ठरवतानाच सांगा. मात्र वर्षाचं नेऊ नका, सहा महिन्यांचं न्या. तिथली हवा आपल्यासारखी कोरडी नाही, पावसाळ्यात सोंडे लवकर होतात. मेच्या उन्हात गहू आणि दादर चांगली वाळवून, निंबाचा पाला घालून पत्र्याच्या डब्यांत भरा. उडदाचे पापड, बिबड्या, कुरडया हातासरशी जातील. दादर संपली तर घाबरू नका, उत्तर कर्नाटकातली माणसं तिथे भरपूर आहेत, त्यांचीही भाकरी ज्वारीचीच, त्यामुळे पीठ मिळतं. आणि खापर न्यायचं असेल तर ते गादीत गुंडाळून गाडीत नको, रेल्वेत पायाशी ठेवा.

शाळेच्या दाखल्याचं काम एप्रिलमध्येच सुरू करा. शाळा सोडल्याचा दाखला परराज्यात जात असेल तर त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी बऱ्याच शाळा मागतात, आणि मेमध्ये कार्यालयात माणूस सापडणं कठीण. मुलीचा यूडायस या सरकारी शालेय नोंदणीतला कायमचा क्रमांकही शाळेकडून लिहून घ्या. दाखला यायला उशीर झाला तरी आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश त्या कारणानं अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं आहे, पण हा वाद घालायची वेळच येऊ देऊ नका. कर्नाटकात शाळांमधून कन्नड शिकवणं २०१५ च्या कायद्यानं सक्तीचं झालं आहे. मुलगा पहिलीपासून शिकेल, त्याला सोपं जाईल. मुलीला सहावीत पहिल्यांदाच अक्षरं गिरवावी लागतील. शाळा निवडताना फीच्या आधी हे विचारा की बाहेरून आलेल्या मुलांना कन्नडमध्ये कशी मदत करता, काही सवलत आहे का. जी शाळा या प्रश्नाचं नीट उत्तर देईल ती थोडी साधी असली तरी चालेल. आणि मेच्या सुट्टीत मुलीशी बोला. तिच्या मैत्रिणी, तिची शाळा सुटतेय, आणि पत्रात तिच्याबद्दल फक्त इयत्ता लिहिलेली आहे.

निघण्याआधी तहसीलमधून दोघांची अधिवास प्रमाणपत्रं आणि मुलांची जात प्रमाणपत्रं काढून ठेवा. तिथे गेल्यावर त्यासाठी रजा टाकून यावं लागतं. महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्रावर कर्नाटकात राज्याच्या सवलती मिळणार नाहीत, हेही लक्षात असू द्या. गॅसचं कनेक्शन यजमानांच्या नावावर आहे, ते सासूबाईंच्या नावावर करून घ्या, म्हणजे तिथे नवीन घेताना अडचण नाही. भाडेकरार हातात आला की यजमानांच्या आणि तुमच्या आधारवरचा पत्ता बदला. तुमच्यासाठी त्याचा लगेच उपयोग आहे. कर्नाटकात जून २०२३ पासून राज्यात राहणाऱ्या महिलांना सरकारी साध्या बसमध्ये प्रवास मोफत आहे, पण ओळखपत्रावर तिथला पत्ता लागतो. मतदार यादीसाठी फॉर्म ८ ऑनलाइन भरता येतो. यजमानांचा पीएफ जुन्या कारखान्यातून काढून घेऊ नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) नव्या कंपनीत वळवा. घर लावण्याच्या गडबडीत तो मोडायचा मोह होतो.

तुमच्या कमाईचं पत्रात काहीच नाही, आणि मला ते खटकलं. ९ हजार लहान आकडा नाही, तो तुमचा आहे. बालवाडीचा अनुभव तिथेही चालतो. पहिले तीन महिने घर आणि मुलं बसवण्यात जातील, पण प्रोबेशनच्या सहा महिन्यांत तुम्हीही आसपासच्या प्रीस्कूलमध्ये विचारून पाहा. पाचोऱ्यातल्या ज्या मुलांना तुम्ही वाचायला शिकवता, त्यांच्या आयांना आत्ताच विचारा की संध्याकाळी व्हिडिओवर तासभर शिकवलं तर चालेल का. चार मुलं मिळाली तरी भाजीचा खर्च निघेल.

आता आई. त्या येणार नाहीत म्हणतात, तर आत्ता ओढू नका. त्यांचं शेत, त्यांचे बटाईदार, त्यांची भजनातली माणसं पाचोऱ्यात आहेत. मेमध्ये घर हलवण्याच्या धांदलीत त्यांना एका बेडरूमच्या परक्या घरात बसवलं, तर त्या पंधरा दिवसांत परत निघतील आणि पुन्हा येणार नाहीत. पण त्या एकट्या राहणार, तर त्याची व्यवस्था तुम्ही निघण्याआधी लागलेली हवी. बी.पी.च्या गोळ्या कुठल्या दुकानातून येणार, गॅस संपला तर कोण लावणार, रात्री बरं वाटलं नाही तर कोणाला फोन, ही तीन माणसं ठरवा आणि त्यांच्याशी तुम्ही स्वतः बोला, यजमानांवर सोडू नका. पेन्शन किंवा बटाईचे पैसे त्यांच्याच खात्यात जाऊ द्या. दर महिन्याचे ३ हजार आपण वर धरलेत, ते पहिल्या तारखेला पाठवा, मागायची वेळ येऊ देऊ नका.

आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्याजवळ राहा. यजमान पुढे गेलेले असले, तरी तुम्ही आणि मुलं असाल. सामान सणानंतर बांधायला घ्या.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. मेअखेरच्या तिकिटांना लग्नसराईची गर्दी असते, तेव्हा तुमची आणि मुलांची तिकिटं मार्चच्या शेवटी पहिल्याच दिवशी काढा, भुसावळ किंवा मनमाडहून कर्नाटक एक्स्प्रेस. साधारण एक दिवस-रात्रीचा प्रवास आहे. मोठ्या माणसाच्या स्लीपर तिकिटावर ४० किलो सामान चालतं. सासूबाईंना दिवाळीला तिकडे न्यायचं असेल तर त्यांचं तिकीट ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच काढावं लागेल, खालचा बर्थ मिळेल असं बघून, आणि न्यायला यजमानांनी स्वतः यावं.